बिडी म्हटलं की सोडायचं

बेळगावच्या वडगावात मागावर काम करणाऱ्या बायकांच्या केसांत संध्याकाळपर्यंत सुताचे बारीक तुकडे बसलेले असतात. कुणी मुद्दाम लावत नाही, आपोआप बसतात आणि झटकले तरी जात नाहीत. आमच्या एम.ए. इंग्रजीच्या वर्गात किस्से असेच बसत गेले. आता तीन मैत्रिणी भेटलो की एकमेकींच्या डोक्यातले काढत बसतो.

तीन म्हणजे, एक मी. निपाणीची, बेळगावात हॉस्टेलवर राहणारी. दुसरी रूपा, वडगावची. तिच्या घरी पॉवरलूम आहेत, त्यामुळं ती जगात कुठंही गेली तरी ओरडूनच बोलते. तिसरी चैत्रा, म्हैसूरकडची. वडिलांची बदली झाली म्हणून बेळगावात आली आणि मराठी आमच्याकडनं शिकली. तिच्या मराठीत शिव्या आधी आल्या, व्याकरण मागनं आलं.

आणि आमचे विभागप्रमुख देसाई सर. ते वर्गात नसले तरी प्रत्येक किश्श्यात असतात.

*

सर रोमँटिक कविता शिकवतात. चांगली शिकवतात, हे मान्य करताना मला त्रास होतो, पण चांगली शिकवतात. त्यांच्या हिशेबात रोमँटिक कवी म्हणजे एकटा माणूस. तो डोंगरावर जातो, वारं अंगावर घेतो आणि खाली येतो तेव्हा त्याच्याजवळ आधी जगात नसलेली एक गोष्ट असते. हे सांगताना सर खिडकीतनं लांब बघतात. खिडकीतनं सायकल स्टँड दिसतो.

मी विचारलं, मुलीनं एकटीनं डोंगरावर जाते म्हटलं तर घरातनं कोण सोडतंय? आणि कवी डोंगरावर असताना त्याचा स्वयंपाक कोण करत होतं?

सर म्हणाले की मुद्दा भरकटवू नका. शरीरानं जायची गरजच नाही, माणूस कल्पनेनं कुठंही जाऊ शकतो.

मागच्या बाकावरनं रूपा म्हणाली, "सर, आमच्या कल्पनेला बी दिवं लागायच्या आत घरात यायला लागतंय."

सरांनी त्या दिवशी तास लवकर सोडला.

*

कॉलेजला मैदान आहे. मोठं आहे. त्याच्यावर मुलं क्रिकेट खेळतात आणि मुली कडेनं चालतात.

आम्ही मैदान मागायला पीडी सरांकडं गेलो. पीडी सर म्हणजे फिजिकल डायरेक्टर. त्यांनी विचारलं, कुठल्या खेळासाठी? आम्ही म्हटलं, थ्रोबॉल. नेट फाटलीय म्हणाले. मग खो-खो. खो-खोचे खांब मुलांनी क्रिकेटच्या पडद्याला लावलेत म्हणाले. मग कबड्डी. कबड्डीला माती भिजवावी लागते, आणि माती भिजवली की मुलांचं पिच खराब होतं. शेवटी स्वतःच्याच चांगुलपणावर खूश होऊन म्हणाले, ज्याला नेट लागत नाही, खांब लागत नाहीत, मैदान लागत नाही असा एखादा खेळ असला तर सांगा, लगेच परवानगी देतो.

त्यांच्या मते त्यांनी आम्हाला कटवलं होतं. बाहेर आल्यावर रूपा म्हणाली, "ऐकलासा न्हवं? लगेच देतो म्हणालेत."

लायब्ररीची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये एक लांबडा बोळ आहे. रूपा त्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, ही तर धोटा पळायची वाट आहे. धोटा म्हणजे मागावरचा तो लाकडी होडीसारखा तुकडा. उभ्या धाग्यांमधनं आडवा धागा घेऊन इकडनं तिकडं पळत असतो. दुसऱ्या दिवशी तिनं धोटा आणला. खरा नव्हे. खऱ्याला टोकाला लोखंड असतं आणि तिच्या आईनं त्याला हात लावू दिला नसता. तिनं साड्यांच्या काठांच्या चिंध्या घट्ट गुंडाळून त्याच आकाराचा एक केला होता. जांभळा, पिवळा, जरीचा. इतका देखणा चेंडू कुठल्याच खेळाला मिळाला नसेल.

खेळ असा ठरला. एका टीमच्या मुली बोळाच्या दोन्ही टोकांना, दुसरीच्या मधे. टोकाच्या मुलींनी धोटा या टोकाकडनं त्या टोकाला पोचवायचा, मधल्यांनी तो वाटेत पकडायचा. पण एकदा पकडला की सोडायचा कधी, हे कुणालाच सुचेना. रूपा तर धोटा पोटाशी धरून भिंतीला टेकून बसायची. काय करायचं ते करा म्हणायची.

एकदा चैत्रा चिडली. चिडली की ती कन्नडवर जाते. रूपाच्या तोंडासमोर येऊन ओरडली, "बिडी!"

कन्नडमध्ये त्याचा अर्थ सोडा. आमच्याकडची कन्नड माणसं बिडरी म्हणतात, चैत्राच्या तिकडं बिडी म्हणतात. आणि ती भांडतानाही समोरच्याला अहोजाहो करते. या अहोजाहोनं रूपा एवढी दचकली की तिच्या हातातनं धोटा पडला.

झाला नियम. समोरची जवळ येऊन बिडी म्हणाली की त्या क्षणी हातातला धोटा सोडायचा. धरून ठेवला तर औट.

आम्ही पीडी सरांना बोळात नेऊन खेळ दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग शेवटचं हत्यार काढलं. हा खेळ कुठल्या फेडरेशनचा?

रूपा म्हणाली, "वडगाव."

परवानगी मिळाली.

*

शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतं. मी विषय दिला, रोमँटिक कवितेतली निर्मिती आणि खेळांचा शोध. माझं म्हणणं साधं होतं. एकोणिसाव्या शतकात तिकडं इंग्लंडात कवी कल्पनेचं राज्य मांडत होते, आणि त्याच शतकात शाळांमधली पोरं चेंडू लाथाडता लाथाडता खेळांचे नियम ठरवत होती. एकाला आपण निर्मिती म्हणतो आणि दुसऱ्याला टाइमपास. का? दोन्हीकडं आधी नसलेलं जग उभं राहतं. दोन्हीकडं नियम माणसानंच केलेले असतात आणि माणूस ते देवानं दिल्यासारखे पाळतो.

सरांनी विषय वाचला, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. सर बसायला सांगतात तेव्हा नाही म्हणायचं असतं. म्हणाले, निसर्गवर्णन घे. दरवर्षी कुणीतरी निसर्गवर्णन घेतंच. आमच्या लायब्ररीत निसर्गवर्णनाचे इतके प्रोजेक्ट आहेत की त्यांच्यावर आता शेवाळ यायचं तेवढं राहिलंय.

मी हटले नाही. मला पुढं पीएचडी करायची होती आणि ती याच विषयात. इथं विषय पडला तर पुढं कुठल्याही दारात मी निसर्गवर्णनवाली म्हणूनच उभी राहिले असते. मी म्हटलं, सर, आम्ही स्वतः खेळ काढलाय, इथंच, लायब्ररीच्या मागं.

तेव्हा ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "कवी गेल्यावरही कविता राहते. तुमचा खेळ तुम्ही कॉलेज सोडलं की संपेल. कुणा अनोळखी माणसानं, तुमच्यापैकी कुणी न शिकवता, तो खेळून दाखवला तर मी निर्मिती म्हणेन. विषयही देईन."

मुदत होती सेमिस्टरच्या मध्यापर्यंत.

मला राग आला आणि त्याहून जास्त राग याचा आला की म्हातारा बरोबर बोलला होता.

*

मधेच एक प्रकरण झालं.

कॉलेजच्या कमिटीवरचे एक आप्पा भेटीला आले. निपाणीचे, तंबाखूचे जुने व्यापारी. प्राचार्यांबरोबर लायब्ररीकडनं जात होते आणि भिंतीमागनं वीसेक पोरींचा आवाज आला, "बिडी! बिडी! ए बिडी!"

आम्हाला ऑफिसात बोलावलं. तिथं बसलेल्या एका वयस्कर बाईंनी संस्कृतीपासून सुरुवात केली. मुलींच्या तोंडी असले शब्द, तेही कॉलेजच्या आवारात, तेही पाहुण्यांसमोर.

आता माझी आजी निपाणीत जन्मभर बिड्या वळत होती. मांडीवर सूप घेऊन, मान मोडेपर्यंत. तिच्या बोटांवर माझ्या वडिलांचं शिक्षण झालं आणि वडिलांच्या नोकरीवर माझं. ती वळत होती तेव्हा कुणाची संस्कृती बुडाली नाही, आणि आम्ही नुसता शब्द उच्चारला तर बुडाली? मी हे सगळं म्हणून टाकलं.

मग चैत्रानं अत्यंत सभ्यपणे सांगितलं की तिच्या भाषेत याचा अर्थ कृपया सोडा असा आहे. प्राचार्य कन्नड. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आप्पा मात्र हिरमुसले होते. जाताना हळूच म्हणाले, "असं हाय व्हय. मला वाटलं, माझं स्वागत चाललंय."

*

खेळ वाढायला लागला तशी मोठी माणसं त्यात लक्ष घालायला लागली. मोठ्या माणसांना आपण लावलेलं रोप दिसत नाही, दुसऱ्यानं लावलेलं दिसलं की लगेच कुंपण घालायला येतात.

पीडी सर एक दिवस प्रस्ताव घेऊन आले. खेळाला युनिफॉर्म पाहिजे, शिट्टी पाहिजे, वयोगट पाहिजेत. बिडी हा शब्द बदलून रिलीज करावा. धोटा चिंध्यांचा नको, रबराचा करावा. आणि एक संघटना काढून तिचे संस्थापक अध्यक्ष म्हणून त्यांचं नाव घालावं.

रूपा म्हणाली, चालेल सर, पण संस्थापकाला खेळ यायला पाहिजे. ते उतरले. तरबेज माणूस, पहिल्याच फेकीला धोटा हवेत झेलला आणि आम्हाला दाखवायला तो डोक्यावर धरून उभा राहिला. चैत्रा शांतपणे चालत जवळ गेली आणि बिडी म्हणाली. ते पोजमध्येच उभे.

आजवरच्या इतिहासात संस्थापक अध्यक्ष सगळ्यात आधी औट झालेला हा एकच खेळ असेल.

*

आमच्या भागात कुठलीही गोष्ट जन्माला आली की ती मराठी का कन्नड हे आधी ठरवायला लागतं. रूपाच्या गल्लीत दोन काका आहेत, एक या बाजूचे, एक त्या बाजूचे. रोज एकाच बाकड्यावर बसून एकाच किटलीतला चहा पितात आणि भांडतात. त्यांच्यापर्यंत खेळ पोचला. एक म्हणाले, धोटा मराठी शब्द, खेळ आमचा. दुसरे म्हणाले, खेळताना ओरडतात कन्नडमध्ये, खेळ आमचा.

निवाडा करायला चैत्राला बोलावलं. ती दोघांनाही परकी, म्हणून दोघांनाही चालत होती.

तिनं विचार केला आणि म्हणाली, "जो अजून औट झाला नाही त्याचा. तुम्ही तर दोघंही धरूनच बसलाय."

दोघं काका बाकड्यावरनं उठले नाहीत. पण त्या दिवसापासून त्या खेळाचं नाव निघालं की विषय बदलतात.

*

हसत होतो खरं, पण मुदत जवळ येत होती. सरांची अट डोक्यात टोचत होती. कुणा अनोळखी माणसानं, न शिकवता.

मी बेळगावजवळच्या सांबरा गावातल्या एका शाळेत गेले. तिथल्या बाई ओळखीच्या होत्या. मुलींना गोळा केलं, नियम समजावले, फळ्यावर आकृती काढली. मुली छान खेळल्या. मी मागं वळले तशी त्यांनी लंगडी सुरू केली.

सरांना सांगितलं तर म्हणाले, "शिकवलंस म्हणजे बाद. आणि शिकवूनही राहिला नाही म्हणजे दोनदा बाद."

रूपा म्हणाली, घे गं निसर्गवर्णन, डिग्री तर हातात येईल. मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तीच डबा घेऊन आली आणि म्हणाली, "बरं, नको घेऊस. पण जेव."

*

आणि आता हा शेवटचा.

आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर बेळगुंदीला होतं. देसाई सर शिबिरप्रमुख. मुक्काम गावच्या शाळेत. आम्ही पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. आम्ही ट्रंका उतरवत होतो, सर पाणी पीत होते आणि शाळेच्या मागनं आवाज आला.

"बिडरी! बिडरी की गं!"

सरांचा ग्लास तोंडाशीच थांबला.

आम्ही मागं गेलो. शाळेची भिंत आणि शेताचा बांध यांच्यामधल्या पट्टीत शाळेच्या मुली दोन टोकांना आणि मधे उभ्या होत्या. हातात धोटा. जरीचा नव्हे, जुन्या स्वेटरची लोकर गुंडाळलेला. आम्ही बोळात सरळ फेकायचो, त्या भिंतीवर आपटून फेकत होत्या. आमच्याकडं औट झालेली बाहेर बसायची, त्यांच्याकडं ती समोरच्या टीममध्ये जात होती. हे आमच्याहून चांगलं होतं. मला आधी तेच जाणवलं, की हे आपल्याला कसं सुचलं नाही.

मी रूपाकडं बघितलं. तिनं मान हलवली, आपण नाही. चैत्रानं दोन्ही हात वर केले, आपण नाही. त्या गावात आमच्यापैकी कुणीच आधी पाय ठेवला नव्हता. कुठल्या बसमधनं, कुणाच्या मामेबहिणीबरोबर तो खेळ तिथं उतरला, देव जाणे.

सरांना अजून खात्री करायची होती. त्यांनी एका दोन वेण्यांच्या मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, बाळ, हा खेळ कुणी शिकवला तुम्हाला?

"कुणी न्हाय."

मग कुणी काढला?

मुलीनं सरांकडं असं बघितलं जसं आम्ही वर्गात बघतो. "खेळ कोण काढतंय व्हय? असतोय की त्यो."

सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. म्हणाले, ही ताई आहे ना, तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी हा खेळ काढलाय, बेळगावात, गेल्याच वर्षी. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. माझ्याबद्दल त्यांच्या आवाजात मी तो पहिल्यांदा ऐकला.

मुली हसायला लागल्या. एकीला तर ही थाप इतकी आवडली की तिनं ती पळत जाऊन बाकीच्यांना सांगितली. शाळेत पोरांचा स्वयंपाक करणाऱ्या गंगाक्का तिथंच पायरीवर भांडी घासत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "गेल्या वर्षी? ओ सर, मी ल्हान हुते तवापासनं खेळतोय आमी ह्यो. माझ्या आईनं शिकवलाय मला."

सर म्हणाले, नक्की?

"नक्की म्हंजे? गावात माझ्यागत धोटा टाकणारी दुसरी न्हवती. लगीन झालं आन् सुटलं बघा." आणि त्यांनी हातातली कढई खाली ठेवून, राखेच्या हातानं, धोटा कसा टाकायचा तेही दाखवलं. बरोबर दाखवलं.

सर माझ्याकडं बघत राहिले. मी सरांकडं. रूपा तोंडावर ओढणी घेऊन हसू दाबत होती.

मी म्हटलं, "सर, माझा विषय?"

सरांनी चष्मा काढला. बसायला सांगितलं नाही. "लिही," म्हणाले. "आणि मला वाचायला दे."

तेवढ्यात गंगाक्कांनी पदराला हात पुसले आणि मला हाक मारली.

"ए शहरातल्या पोरी, बघत काय हुबारलीस? ये हिकडं. येत नसंल तर शिकवते."